भिंत कोणाची, खर्च कोणाचा? : सामुदायिक भित्तिचित्रांसाठी सार्वजनिक अनुदान



गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या पट्ट्यात राठवा व भिलाला आदिवासींच्या घरांतून पिठोरा नावाचे भित्तिचित्र रंगवले जाते. घरात आजारपण आले, गुरे दगावली किंवा पीक बुडाले की कुटुंबप्रमुख पिठोरा देवाला नवस बोलतो. नवस फेडण्याच्या वेळी ओसरीवरील मुख्य भिंत सारवून तयार केली जाते आणि तीवर देवाच्या लग्नाची घोड्यांची वरात अवतरते. चित्र काढणाऱ्यांना लखारा म्हणतात. सारा खर्च यजमान कुटुंब करते. चित्र पुरे झाले की गावचा बडवा त्यासमोर उभा राहतो, एकेक आकृती ओळखतो आणि काही राहून गेले असल्यास ते दाखवून देतो. त्याची मान्यता मिळाल्यावरच नवस फिटला असे मानतात आणि गाव जेवायला बसते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर या व्यवहारातील सर्व भूमिका एकाच समाजाच्या आत आहेत. चित्र हवे असे ठरवणारा, खर्च उचलणारा, काम करणारा, ते तपासणारा आणि पुढे ती भिंत सांभाळणारा, हे सारे एकमेकांना ओळखतात. शहरातील एखाद्या उड्डाणपुलाखालच्या भिंतीवर शासकीय निधीतून चित्र काढले जाते, तेव्हा चित्र पालटते. विषय एक कार्यालय ठरवते, पैसा दुसरे देते, काम ठेकेदाराकडून होते, तपासणी चौरस फुटांत होते; आणि त्या भिंतीसमोर रोज राहणाऱ्या माणसाला यांपैकी कशातही स्थान नसते. सामुदायिक भित्तिचित्रांना अनुदान देण्याच्या धोरणापुढील मूळ प्रश्न हाच आहे. पैसा बाहेरून आला तरी निर्णय, श्रमाचा मोबदला आणि राखण या तीन गोष्टी समाजाच्या हातून निसटू नयेत, अशी अनुदानाची रचना कशी करावी?

सार्वजनिक वस्तू, पण निराळ्या जातीची

पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंच्या सिद्धांताची मांडणी केली, त्या सिद्धांतात रस्त्यावरील भित्तिचित्र चपखल बसते. एकाने चित्र पाहिले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला ते कमी येत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला ते पाहण्यापासून रोखताही येत नाही. साहजिकच खर्चाचा वाटा उचलण्याची प्रेरणा कोणालाच नसते. प्रत्येकजण दुसऱ्याच्या वर्गणीची वाट पाहतो आणि भिंत कोरी राहते किंवा जाहिरातदाराच्या ताब्यात जाते. सार्वजनिक अनुदानाचे पहिले समर्थन या ठिकाणी मिळते.

तथापि, दिव्याचा खांब आणि भित्तिचित्र यांत एक महत्त्वाचा फरक आहे. दिव्याचा उजेड सर्वांना हवा असतो. चित्राचे तसे नाही. ज्याला ते रुचत नाही, ज्याच्या समाजाचे त्यात विपर्यस्त दर्शन घडते किंवा ज्याचा इतिहास त्यातून वगळला जातो, त्यालाही ते रोज पाहावेच लागते. लाभातून कोणाला वगळता येत नाही, त्याचप्रमाणे उपद्रवातूनही कोणाला सुटता येत नाही. म्हणून येथे पूर्वसंमती हा सौजन्याचा भाग राहत नाही. कार्यक्षमतेची ती अट ठरते.

दुसरा मुद्दा खर्चाचा आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना दाखवून दिले की, अन्य उद्योगांत यंत्रांमुळे उत्पादकता वाढते व त्याबरोबर वेतनमानही वाढते. कलेत मात्र लागणारे मानवी श्रम तितकेच राहतात. परिणामी कलेचा सापेक्ष खर्च सतत वाढत जातो. हाताने रंगवायच्या भिंतीलाही हे निरीक्षण लागू पडते. म्हणून 'स्वस्तात जास्त चौरस फूट' हे उद्दिष्ट ठेवले की त्याचा भार एकाच ठिकाणी पडतो, तो म्हणजे चित्र काढणाऱ्या हातांवर.

मजुरी, टक्का आणि अनुदान : अमेरिकेचा अनुभव

भित्तिचित्रांना सार्वजनिक निधी देण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे. त्याची प्रेरणा मात्र मेक्सिकोची होती. मेक्सिकोच्या क्रांतीनंतर १९२१ ते १९२४ या काळात शिक्षणमंत्री असलेले होजे वास्कोन्सेलोस यांनी दिएगो रिव्हेरा, होजे क्लेमेन्ते ओरोस्को प्रभृती चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती खुल्या करून दिल्या. महामंदीच्या काळात, १९३३ मध्ये, चित्रकार जॉर्ज बिडल यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पत्र लिहून या प्रयोगाकडे लक्ष वेधले. मेक्सिकोचे चित्रकार नळकारागिराच्या मजुरीइतक्या वेतनावर राष्ट्रीय आदर्श भिंतींवर उतरवीत आहेत, असा त्यांचा आशय होता.

त्यानंतर अमेरिकेत दोन समांतर योजना उभ्या राहिल्या. १९३५ मध्ये सुरू झालेला 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' ही मूलतः रोजगार योजना होती. बेकार कलावंताला आठवड्याचे वेतन द्यावे आणि त्याच्याकडून शाळा, रुग्णालये, ग्रंथालये यांच्या भिंती रंगवून घ्याव्यात, हे तिचे सूत्र. १९४३ मध्ये ती बंद होईपर्यंत अडीच हजारांहून अधिक भित्तिचित्रे तिच्यातून साकारली. वित्त खात्याच्या अखत्यारीतील दुसरी योजना, १९३४ ते १९४३ या काळातील 'सेक्शन', निराळ्या तत्त्वावर होती. नव्या सरकारी इमारतीच्या बांधकाम खर्चाचा सुमारे एक टक्का कलेसाठी राखायचा आणि स्पर्धेतून कलावंत निवडायचा. गावोगावच्या टपाल कार्यालयांत तिच्यातून एक हजाराहून अधिक कलाकृती लागल्या.

या दोन योजनांतील भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. पहिली कलावंताची गरज पाहत होती, दुसरी कलाकृतीचा दर्जा. भिंतीसमोरचा समाज मात्र दोन्हींत मुख्यतः प्रेक्षकच होता. परगावचा चित्रकार टपाल कार्यालयात चित्र लावून जाई आणि ते पाहून स्थानिक लोक नाराज होत, असे प्रसंग वारंवार घडले. साउथ कॅरोलायनातील एकन येथील न्यायालयात १९३८ मध्ये बसवलेल्या चित्रावर तर पडदा टाकण्यात आला. पैसा सार्वजनिक आणि जागाही सार्वजनिक असूनही चित्र लोकांचे झाले नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९६५ मध्ये राष्ट्रीय कलानिधीची स्थापना झाल्यानंतर, विशेषतः १९७० च्या दशकात झाला. शहरांतील उपेक्षित वस्त्यांमधील भित्तिचित्रांना या काळात लहान लहान अनुदाने मिळू लागली. सर्वांत बोलके उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. लष्कराच्या अभियंता दलाने पूरनियंत्रणासाठी तुहुंगा ओढ्याचे काँक्रीटच्या कालव्यात रूपांतर केले होते. त्याच्या भकास भिंतींचे काय करावे, या विचाराने १९७४ मध्ये चित्रकार जुडिथ बाका यांच्याशी संपर्क साधण्यात आला. काम १९७६ मध्ये सुरू झाले आणि १९८३ पर्यंत पाच उन्हाळ्यांत पार पडले. सुमारे २,७५४ फूट लांबीच्या या चित्रात कॅलिफोर्नियाचा इतिहास आदिवासी, मेक्सिकन, कृष्णवर्णीय, जपानी व ज्यू समाजांच्या नजरेने मांडला आहे. चारशेहून अधिक तरुण त्यात सहभागी झाले, आणि त्यांतील अनेकजण बालगुन्हेगारीच्या न्यायप्रक्रियेतून आलेले होते. इतिहासतज्ज्ञांशी चर्चा, वस्तीतील ज्येष्ठांच्या आठवणींचे संकलन आणि नंतर रेखाटन, असा क्रम पाळला गेला. रंग भिंतीला लागण्यापूर्वीचा बराच काळ या सिद्धतेत गेला. अनुदानाने प्रामुख्याने विकत घेतला तो हा काळ.

फिलाडेल्फियाचा मार्ग संस्थात्मक आहे. बांधकाम खर्चातील टक्का कलेसाठी राखण्याचा नियम या शहराने १९५९ मध्येच केला होता. १९८४ मध्ये भिंती विद्रूप करण्याविरुद्ध महापौर विल्सन गूड यांनी मोहीम हाती घेतली. रंगाचे डबे घेऊन रात्री फिरणाऱ्या मुलांनाच, चित्रकार जेन गोल्डन यांच्या मार्गदर्शनाखाली, दिवसा परांचीवर चढवण्यात आले. १९९६ मध्ये त्या मोहिमेचे स्वतंत्र भित्तिचित्र कार्यक्रमात रूपांतर झाले आणि आजवर त्यातून चार हजारांहून अधिक कलाकृती निर्माण झाल्या आहेत. दंडाला जाणारा पैसा प्रशिक्षणाकडे वळवल्यास काय साधते, याचा हा धडा होय.

भारताचा अनुभव : भिंतीवरून कागदावर, कागदावरून भिंतीवर

भारतात या विषयाचा आरंभ अवर्षणातून झाला. मिथिलेतील स्त्रिया विवाहप्रसंगी कोहबर घराच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या रंगवीत आल्या आहेत. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली, तेव्हा मधुबनीचे तत्कालीन अधिकारी विल्यम आर्चर यांच्या दृष्टीस ही चित्रे पडली. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण अवर्षण पडले. त्या वेळी पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवले. जी चित्रे स्त्रिया भिंतीवर काढीत होत्या ती त्यांनी कागदावर काढावीत आणि ती विकून घरात पैसा यावा, अशी ही योजना होती. जितवारपूरच्या जगदंबा देवी व सीता देवी यांचे नाव देशभर झाले. जगदंबा देवींना १९७५ मध्ये आणि सीता देवींना १९८१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे भास्कर कुलकर्णींनीच डहाणू परिसरातील वारली चित्रकलेकडे लक्ष वेधले. सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने रेखाटायच्या लग्नाच्या चौकाची ही कला जिव्या सोमा मशे यांच्या हातून कागदावर व कापडावर आली. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री लाभली.

या हस्तक्षेपाचे आर्थिक मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. सार्वजनिक वा सामूहिक स्वरूपाच्या वस्तूचे खासगी वस्तूत रूपांतर होताच तिला किंमत आली, ग्राहक आला, पुढे भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही आले. दुष्काळात चूल पेटती ठेवण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता आणि त्याने हजारो स्त्रियांना स्वतःचे उत्पन्न मिळवून दिले. मात्र यातून एक विषमता रूढ झाली. कागदावरच्या चित्राला दाम मिळू लागला. भिंतीवरचे चित्र मात्र 'सेवा', 'परंपरा' किंवा 'हौस' या सदरातच राहिले.

ही विषमता २०१७ मध्ये स्पष्ट दिसली. त्या वर्षी २ ऑक्टोबरपासून मधुबनी रेल्वे स्थानकाच्या भिंती स्थानिक कलावंतांनी रंगवल्या. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. स्थानकाचा कायापालट झाला आणि रेल्वे मंत्रालयाच्या २०१८ च्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत मदुराईच्या जोडीने मधुबनीला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक महाराष्ट्रातील बल्लारशा आणि चंद्रपूर या स्थानकांना मिळाला होता. तेथे ताडोबाचे वन्यजीवन भिंतींवर आले आहे. मधुबनीचे काम मात्र श्रमदान म्हणून झाले. आपल्या गावच्या स्थानकासाठी श्रमदान करण्यात कमीपणा नाही. त्यामागील अभिमान खराच असतो. प्रश्न धोरणाचा आहे. रंगाचे पैसे द्यावे लागतात, परांचीचे भाडे द्यावे लागते, मग ज्या कौशल्यासाठी हे सारे उभारायचे तेच कौशल्य फुकट का गृहीत धरावे? आणि ते कौशल्य प्रामुख्याने ग्रामीण स्त्रियांचे असताना तर अधिकच विचारपूर्वक हा प्रश्न विचारला पाहिजे.

अलीकडच्या काळात या दिशेने काही पावले पडली आहेत. दिल्लीच्या लोधी कॉलनीत शासकीय निवासस्थानांच्या भिंतींवर खासगी प्रतिष्ठान व रंग उत्पादक कंपनी यांच्या साहाय्याने पन्नासहून अधिक चित्रे झाली. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत जागतिक वारसा समितीचे अधिवेशन भरले. त्या निमित्ताने संस्कृती मंत्रालयाने ललित कला अकादमीमार्फत 'परी', म्हणजे 'पब्लिक आर्ट ऑफ इंडिया', हा प्रकल्प हाती घेतला. देशभरातील दीडशेहून अधिक कलावंत त्यासाठी एकत्र आले आणि फड, गोंड, वारली, पिठोरा, ऐपण, केरळचे भित्तिचित्र अशा शैली राजधानीच्या भिंतींवर आल्या. परंपरागत कलावंताला राष्ट्रीय पातळीवरील भिंत मिळणे ही मोठी गोष्ट आहे. यापुढचा टप्पा कलावंताच्या आपल्याच गावातील, त्याच्याच लोकांसमोरील भिंतीचा असायला हवा.

अनुदानाची यंत्रणा आणि तिच्या मर्यादा

घटनात्मक आधार उपलब्ध आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत 'सांस्कृतिक कार्य' हा २१ वा विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगा मानला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन हा १३ वा विषय नगरपालिकांसाठी आहे. म्हणजेच भित्तिचित्राचा निर्णय ग्रामसभा वा प्रभाग पातळीवर घेण्यास संविधान अनुकूल आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचे जतन आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा समावेश असल्याने कलम १३५ खालील सामाजिक उत्तरदायित्वाचा निधीही यासाठी वापरता येतो.

अडचण येते ती निधीच्या स्वरूपात. पहिली अडचण कालमर्यादेची. अनुदान आर्थिक वर्षाशी बांधलेले असते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार अनावर्ती अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते. वर्षाच्या अखेरीस हाती आलेला पैसा मार्चअखेर खर्ची दाखवण्याची घाई होते. भिंतीला मात्र मार्चअखेर कळत नाही. नवा गिलावा पुरता सुकावा लागतो, ओल कोठून येते ते एका पावसाळ्यात पाहावे लागते आणि लोकांचे एकमत होण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. घाईत रंगवलेल्या भिंतीचे पोपडे पुढच्याच पावसाळ्यात सुटू लागतात.

दुसरी अडचण मालमत्तेची. अनुदानातून निर्माण झालेली मालमत्ता शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता येत नाही किंवा अन्य कामी लावता येत नाही, असे वित्तीय नियम सांगतात. परंतु भित्तिचित्रात भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचे आणि पैसा तिसऱ्याचा असतो. नोंदवहीत ते कोणाच्या नावे लिहायचे, याचा खुलासा आधी केला नाही तर ते कोणाच्याच नावे राहत नाही. येथे अर्थसंकल्पातील एक संकल्पना उपयोगी पडते. केंद्राने दिलेले अनुदान लेख्यांमध्ये महसुली खर्च म्हणून दाखवले जाते. मात्र त्यातून भांडवली मालमत्ता उभी राहत असेल, तर तेवढी रक्कम महसुली तुटीतून वजा करून 'प्रभावी महसुली तूट' काढण्याची पद्धत २०११-१२ च्या अर्थसंकल्पापासून आली. भित्तिचित्र हा एका दिवसाच्या समारंभाचा खर्च की टिकाऊ मालमत्ता, हा प्रश्न म्हणूनच केवळ तात्त्विक नाही. ते मालमत्ता आहे असे मानले, तर तिचा घसारा आणि देखभालही मान्य करावी लागते.

राखण आणि कर्त्याचा हक्क

राखणीचा प्रश्न किती गंभीर आहे हे नवी दिल्लीतील विज्ञान भवनाच्या प्रकरणातून दिसले. शिल्पकार अमरनाथ सहगल यांना १९५७ मध्ये तेथील भव्य कांस्य भित्तिशिल्पाचे काम देण्यात आले होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते भिंतीवरून उतरवून भांडारात टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. सहगल यांनी न्यायालयात दाद मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ मधील कर्त्याच्या विशेष हक्कांचा आधार घेऊन शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. कलाकृती विकली किंवा सरकारला दिली तरी तिच्या अखंडतेशी असलेले कर्त्याचे नाते संपत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

अमेरिकेत १९९० च्या दृश्यकला हक्क अधिनियमाने असेच संरक्षण दिले. लॉस एंजेलिसमध्ये २००६ साली चित्रकार केंट ट्विचेल यांचे एक मोठे भित्तिचित्र पूर्वसूचनेविना रंग फासून पुसण्यात आले. त्याबद्दल २००८ मध्ये ११ लाख डॉलरची तडजोड झाली. वेळीच देखभाल किंवा साधी सूचनाही त्याहून कितीतरी स्वस्त पडली असती. याच शहरातील कालव्यावरील दीर्घ चित्र ऊन, पाणी व प्रदूषणाने फिकटले होते; त्याचे पुनरुज्जीवन २०११ मध्ये पूर्ण झाले. आरंभी मिळालेल्या अनुदानांत पुढील तीस वर्षांच्या देखभालीची तरतूद नव्हती, म्हणून नव्याने निधी उभारावा लागला.

सामुदायिक भित्तिचित्राच्या बाबतीत कायद्यापुढे आणखी एक पेच आहे. कलम ५७ चा हक्क कर्त्याचा आहे. चाळीस स्त्रियांनी मिळून रंगवलेल्या भिंतीचा कर्ता कोण? अनुदानाच्या करारात सर्व सहभागी कलावंतांची नावे नोंदवली, तरच या हक्काला अर्थ राहील.

अनुदानाची रचना कशी असावी?

एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामूहिक संसाधनांच्या अभ्यासात दाखवले की, कुरणे, जलसिंचन वा मासेमारीची ठिकाणे दीर्घकाळ टिकतात ती मुख्यतः वापरकर्त्यांनी स्वतः नियम केले, स्वतः देखरेख ठेवली आणि शासनाने त्यांच्या या अधिकाराला मान्यता दिली तेथे. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भिंत हे असेच सामूहिक संसाधन मानल्यास अनुदानाच्या चार अटी पुढे येतात.

पहिली अट संमतीची. ग्रामसभा किंवा प्रभाग सभेच्या ठरावाविना अनुदान मंजूर होऊ नये. विषय, जागा व आराखडा सभेपुढे मांडला जावा आणि भिंतीच्या मालकाची लेखी अनुमती किमान मुदतीसह घेतली जावी.

दुसरी अट मोबदल्याची. कलावंताचे मानधन आणि सहभागी स्थानिकांची मजुरी ही वेगळी, कमी न करता येणारी बाब असावी आणि ती थेट त्यांच्या बँक खात्यात जमा व्हावी. श्रमदान ऐच्छिक असावे. अंदाजपत्रकात त्याला गृहीत धरू नये.

तिसरी अट हप्त्यांची. पहिला हप्ता लोकांशी विचारविनिमय, रेखाटन आणि भिंतीच्या सिद्धतेसाठी, दुसरा प्रत्यक्ष कामासाठी आणि तिसरा एक पावसाळा उलटल्यावर, भिंतीची पाहणी करून द्यावा. यासाठी योजना किमान दोन आर्थिक वर्षांची असणे आवश्यक आहे.

चौथी अट राखणीची. मंजूर रकमेचा ठरावीक हिस्सा देखभाल निधी म्हणून ग्रामपंचायत वा प्रभाग समितीच्या स्वतंत्र खात्यात राहावा.

उदाहरणादाखल, अनुदानाचे १०० रुपये धरले तर ४० रुपये कलावंत व सहभागींच्या मोबदल्यासाठी, २० रुपये विचारविनिमय व प्रशिक्षणासाठी, २० रुपये रंग, गिलावा व परांचीसाठी, १५ रुपये देखभाल निधीसाठी आणि ५ रुपये नोंदी व छायाचित्रणासाठी ठेवता येतील. हे प्रमाण स्थळकाळानुसार बदलेल. पण दुसऱ्या व चौथ्या बाबींना शून्य ठेवणारे अंदाजपत्रक सामुदायिक भित्तिचित्राचे असू शकत नाही. ते केवळ रंगकामाचे असते.

या रचनेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्यही आहे. एक म्हणजे, शाळेचे छप्पर गळत असताना चित्रांवर खर्च कशाला? याचे उत्तर असे की, दोन्ही खर्च एकमेकांच्या जागी येणारे नाहीत; आणि भित्तिचित्राच्या निमित्ताने भिंतीची ओल, गिलावा व छप्पर यांची पाहणी अपरिहार्य ठरते. तरीही जेथे मूलभूत सुविधाच नाहीत तेथे अग्रक्रम त्यांनाच द्यावा, हे मान्य केले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. सभेतील बहुमत हे गावातील प्रबळांचे मत असू शकते आणि दुर्बल घटकांचा इतिहास भिंतीवरही येणार नाही. म्हणूनच ठरावाबरोबर महिला व वंचित वस्त्यांचे म्हणणे स्वतंत्रपणे नोंदवण्याची तरतूद हवी. लॉस एंजेलिसच्या कालव्यावर जो इतिहास उतरला तो पाठ्यपुस्तकांतून वगळलेल्यांचा होता, हे येथे आठवावे.

समारोप

मित्रहो, सार्वजनिक वस्तूंचा सिद्धांत, वित्तीय विकेंद्रीकरण, अनुदानाची लेखापद्धती आणि बौद्धिक संपदा हे विषय अभ्यासक्रमात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. एका रंगवलेल्या भिंतीपाशी ते सारे एकत्र भेटतात. म्हणून रेल्वे स्थानकावर, शाळेच्या आवारात किंवा पंचायतीच्या कार्यालयावर एखादे भित्तिचित्र दिसले तर त्याच्या रंगसंगतीबरोबर तीन प्रश्नही मनात यावेत. हे कोणी ठरवले? ज्यांनी काढले त्यांना काय मिळाले? आणि पाच पावसाळ्यांनंतर ते कोण सांभाळणार?

पिठोऱ्याच्या भिंतीसमोर उभा राहणारा बडवा घोड्यांची संख्या आणि आकृतींची पूर्तता पाहतो, आणि त्या वेळी सारे गाव त्याच्याकडे पाहत असते. तेथे तपासणी लोकांसमोर होते आणि लोकांच्याच भाषेत होते. शासकीय अनुदानाने रंगवलेल्या भिंतीलाही अशी तपासणी लाभली, तर उपयोगिता प्रमाणपत्रावरील सही आणि गावाची मान्यता यांत अंतर राहणार नाही.